त्या दिवशी डबे गेले नाहीत

शिरूरला एकदा धंदा करणाऱ्या बायकांचा मेळावा भरला होता, माझं नाव अजून त्यांच्या यादीत राहून गेलं होतं. पडद्यावर चित्रं दाखवत एक साहेब बोलत होते. छोट्या धंद्यामुळं परिसराचा विकास कसा होतो, गावातला पैसा गावातच कसा फिरतो, एका हाताला काम मिळालं की त्याच्यामागं आणखी किती हातांना मिळतं, असं सगळं. पडद्यावर बाण होते आणि बाणांचा एक मोठा गोल होता. मागच्या खुर्चीवर बसून मी मनात म्हणत होते, साहेब, या गोलात मी कैक वर्षं उभी होते. आता मी बाहेर आहे आणि तुमचा गोल झकास फिरतोय. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका? शंका कसली, माझ्या घशात आख्खं गाव अडकलं होतं. पण मी हात वर केला नाही. समोसा आणि चहा होता, तो घेतला आणि एसटीनं घरी आले.

माझं माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीतलं. वडील यार्डात खलाशी होते. कॉलनीत एकटी राहणारी माणसं पुष्कळ, कुणी आंध्रातला, कुणी बिहारचा, कुणी सोलापूरकडचा. आई त्यांना डबे द्यायची. आम्ही बौद्ध आहोत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि आम्ही ते लपवतही नव्हतो. काही जण त्यामुळं दुसरीकडं डबा लावायचे. पण ड्यूटीवरून थकून आलेल्या माणसाला आईच्या कालवणाचा वास आला की त्याचा सोवळेपणा बराचसा ढिला पडायचा. आई मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. चव कमीजास्त झाली तर माणूस कुरकुर करतो, पण डबा वेळेवर गेला नाही तर तो दुसरा डबा लावतो. हे मी कांदा चिरायला शिकले त्याच वयात शिकले.

लग्न होऊन मी शिरूर तालुक्यात आले, निमोण्याच्या पलीकडच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या चौकात माझ्या निषेधाचा फ्लेक्स लागेल. आमची वस्ती गावाच्या कडेला, ओढ्याच्या अंगाला. मालक कंपनीत कंत्राटी कामाला होते. कंपन्या वाढल्या तशी रस्त्याच्या कडेनं पत्र्याच्या खोल्यांची रांग वाढली आणि त्यात ओरिसा-बिहारची पोरं येऊन राहिली. बारा तास काम करायचं आणि रात्री अर्धाकच्चा भात नाहीतर वडापाव खायचा. मालक घरी येऊन सांगायचे, "पोरं निस्ती वाळत चाललीत गं." मला दया आली असं म्हणायला छान वाटेल, पण मला दौंड आठवलं. मी दुसऱ्याच दिवशी मोठं पातेलं काढलं.

पुढं ठेकेदाराच्या सुपरवायझरनं येऊन माझ्या हातचं जेवण खाल्लं आणि दुपारच्या जेवणाचे सगळे डबे माझ्याकडं लावले. मग घरामागं पत्र्याची शेड घातली, मोठ्या शेगड्या आणल्या. आमच्या वस्तीतल्या दोघी आधीपासून हाताशी होत्या. नंतर गावातल्या दोन शेतकरी घरांतल्या बायकाही आल्या. त्या आल्या तेव्हा मला उगाचच भरून आलं होतं. दोघींचा हात चपळ होता, तव्यावरची पोळी बघता बघता सुटायची. पण दुपारी जेवायची वेळ झाली की त्या आपापल्या पिशवीतून घरची भाकरी काढायच्या आणि शेडच्या बाहेर लिंबाखाली बसून खायच्या. शेकडो पोळ्या स्वतःच्या हातांनी लाटायच्या आणि त्यातली एक खायची नाही. मी विचारलं तर म्हणायच्या, "आमचा उपास हाय, ताई." इतके उपास करणाऱ्या बायका मी पंढरपुरातही पाहिल्या नाहीत.

भाजी गावातले एक आप्पा द्यायचे. त्यांची विहीर बागायती होती. आधी ते मेथी-कोथिंबीर घेऊन तळेगावच्या बाजाराला जायचे आणि भाव पडला की तिथंच टाकून यायचे. माझ्या डब्यांना रोज भाजी लागू लागली तसं त्यांनी माझ्याकडं बघून पीक लावायला सुरुवात केली. बिहारच्या पोरांना भेंडी आवडते म्हटल्यावर भेंडी, पावसाळ्यात दुधी. गावची गिरणी माझ्या गव्हावर निम्मा दिवस चालायची. डबे पोचवायला गावातल्याच एका पोराची जीप होती, त्यानं त्या कामावर जुनी विकून नवी घेतली. आप्पा रोज सकाळी दारात पाटी उतरवायचे आणि मी चहाचं विचारलं की म्हणायचे, "आत्ताच घिऊन आलो." कैक वर्षं हा माणूस रोज सकाळी माझ्या दारात यायच्या आधी आत्ताच चहा घेऊन यायचा. पण त्यांची मेथी मात्र माझ्या उंबऱ्याला बाटत नव्हती. हे मी तेव्हा हसून सांगायचे. आता हसू येत नाही.

तरी मी खूश होते, हेही खरंच आहे. गावातली माणसं रस्त्यात थांबून बोलायला लागली होती. एकदा ग्रामसभेत कुणीतरी माझ्या शेडबद्दल तक्रार केली, सांडपाणी ओढ्यात जातं म्हणून. तेव्हा गावातले सगळ्यात वजनदार म्हातारे, सगळे त्यांना आबा म्हणायचे, ते उठून म्हणाले, "गप बसा. हिच्यामुळं आपली भाजी गावातच खपतीया. आपल्या गावची बाई हाय ती." तक्रार तिथंच मिटली. आपल्या गावची. मी घरी येऊन मालकांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "भाजी खपतीया म्हणून बोलला म्हातारा." मला राग आला होता त्यांचा.

आणि मग ते आबा गेले.

पहाटेच गेले. उजाडायच्या आत फोनवर फोटो फिरायला लागला होता, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्या गावाची रीत अशी की गावातलं माणूस गेलं तर मयत उचलेपर्यंत गावात चूल पेटवायची नाही. गिरणी बंद, दुकानांची झापं खाली, चहाचं आधणसुद्धा नाही. एरवी ही रीत दोन-तीन तासांत निभते. पण आबांचा नातू पुण्याहून निघायचा होता, लेक सुरतेहून. सकाळी सकाळीच कळलं की उचलायला दुपार होणार. आणि माझे डबे साडेबाराला कंपनीच्या गेटवर लागायचे.

मालकांची पहिली पाळी होती. ते बूट घालत होते. मी शेगडीपाशी नुसती उभी होते, हातात लायटर.

"पेटव की," ते म्हणाले.

"मयत उचललं न्हाई अजून."

"आपल्याला काय त्याचं? आपण वंदना म्हणणारी माणसं, आपल्याला कसलं सुतक?"

"सुतकाचं न्हाई, गावाचं हाय."

ते ताडकन उभे राहिले. "आपली म्हातारी गेली तवा गिरणी बंद हुती का? सांग की. आपण तिच्यापाशी बसलो हुतो आन् गिरणीचा पट्टा फटाफटा वाजत हुता. वाण्यानं झाप तरी खाली घेतलं का? आपलं माणूस मेलं की गाव चहा पितंय, आन् त्यांचं मेलं की तू कंपनी उपाशी ठिवती?"

त्यांचं सगळं खरं होतं. सासूबाई गेल्या तो दिवस मलाही पाठ होता. गिरणीचा आवाज तर इतका येत होता की वंदनेचे शब्द ऐकू येईनात. आमच्या वस्तीतल्या मरणानं गावातली चूल कधीच विझली नव्हती, कारण आमचं मरण गावात झालं असं गाव धरतच नव्हतं. ही रीत गावातल्या माणसासाठी होती आणि गावातलं माणूस कोण हे गाव ठरवणार. पण म्हणूनच तर मला ती पाळायची होती. मला वाटलं, आज सगळ्या गावाबरोबर माझी शेगडी बंद राहिली तर मी गावात धरली जाईन. मालक चिडून निघून गेले. मी लायटर खिडकीत ठेवून दिला.

तरी जीव राहवेना. मी सुपरवायझरला फोन केला. म्हटलं, साहेब, गावात मयत झालीय, आज डबे उशिरा येतील. तो म्हणाला, "मॅडम, मौत तो रोज होती है, लंच भी रोज होता है." मी म्हटलं, फक्त आजचा दिवस सांभाळून घ्या. तो हं हं म्हणाला. त्या हुंकाराला मी होकार समजले.

मग मी आबांच्या घरी गेले. अंगण माणसांनी भरलं होतं. आबांचा पुतण्या पांढरा शर्ट घालून पुढं होऊन सगळं बघत होता, आल्यागेल्याला खुर्ची देत होता. त्याचं हायवेला हॉटेल आहे, मोठं, गाड्या लावायला जागा असलेलं. कडेला सरपंच दिसले, मी त्यांना गाठलं आणि हळूच विचारलं की घरामागच्या शेडमध्ये शेगडी पेटवली तर चालेल का, पोरं उपाशी राहतील. ते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कोण अडवतंय? पेटवा की. गॅसला कुठं धूर असतो?" मला हायसं वाटलं. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "धूर न्हाई, पर फोडणीचा वास येतोय न्हवं? हितं मढं दारात, आन् हिच्याकडनं फोडणीचा वास यायचा व्हय?" बायकांनी वळून माझ्याकडं पाहिलं. पुतण्यानंही पाहिलं आणि मान खाली घातली. सरपंच म्हणाले, "बघा, तुमचं तुम्ही ठरवा." एवढं बोलून ते दुसऱ्या कुणाकडं तरी गेले.

मी घरी आले. गावातल्या दोघी कामाला आल्याच नव्हत्या. वस्तीतल्या दोघी येऊन शेडमध्ये बसल्या होत्या. एकीनं सवयीनं परातीत पीठ घेतलं होतं, ते तसंच राहिलं. मटकी भिजवून मोड आणलेली होती, टोपभर. कोबी रात्रीच चिरून ठेवलेला. आम्ही तिघी त्या सगळ्याकडं बघत बसलो. नातू वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय असं कळलं. मग कोरेगावला पोचलाय, पण लेक अजून वाटेतच आहे असं कळलं. साडेबारा वाजले. मी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले, जणू तिथून कंपनीचं गेट दिसणार होतं. दीड वाजता वस्तीतली एक म्हणाली, "ताई, पोरं काय खात असत्याल वं?" मी तिच्यावर उगाचच खेकसले.

आबांना तीन वाजून गेल्यावर उचललं. आख्खं गाव मागं होतं. आम्हीही वस्तीतल्या बायका रस्त्याच्या कडेला हात जोडून उभ्या राहिलो. फुलं उधळत गर्दी ओढ्याकडं गेली. मी परत आले तेव्हा मटकीला वास सुटला होता.

मालक पाळी सुटून आले. हातपाय न धुता उंबऱ्यात बसले.

"पोरं उपाशी राह्यली?" मी विचारलं.

"न्हाई. डबे आले की."

"कुणाचे?"

त्यांनी आबांच्या पुतण्याचं हॉटेल सांगितलं. मला आधी कळेचना. मी म्हटलं, तो तर सकाळपासून अंगणात होता, मी डोळ्यांनी पाहिला. मालक म्हणाले, "त्यो अंगणात हुता. भट्टी हायवेला हुती." माझ्याच जीपवाल्याला पुतण्याचा फोन गेला होता, आज डबे हॉटेलातून उचल म्हणून. जीपवाला संध्याकाळी आला आणि लांबूनच बोलला. "वैनी, मला वाटलं तुमचं आन् त्यांचं बोलणं झालंय." नंतर कुणीतरी मला समजावूनही सांगितलं की हॉटेल शिवेच्या बाहेर आहे, तिथं गावाची रीत लागत नाही. चुलता दारात पडलेला आणि पुतण्याचा तंदूर धडधडत होता, पण शिवेच्या पलीकडं. मी शिवेच्या आत होते, म्हणून माझी शेगडी थंड. आयुष्यात एकदाच मला गावानं शिवेच्या आत धरलं, आणि तेही नेमकं त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी डबे भरले. जीप आली नाही. सुपरवायझरला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, अभी लोकल वेंडर मिल गया."

"मी पण लोकलच आहे, साहेब."

"हां, लेकिन वो हायवे पे है. कभी बंद नहीं रहता."

त्यात त्याचं काय चुकलं? माझ्या आईनंही हेच सांगितलं असतं. पण आईला सांगायची माझी हिंमत झाली नाही. दौंडला फोन लागला की मी म्हणायचे, चाललंय बरं.

त्यानंतर काहीच बंद पडलं नाही. हे मला सगळ्यात जास्त जाळतं. मला वाटलं होतं, मी नसेन तर भाजी पडून राहील, गिरणी थंडावेल, जीप दारात उभी राहील. तसं काही झालं नाही. आप्पांची भेंडी हॉटेलात जाऊ लागली. एकदा रस्त्यात भेटले तर म्हणाले, "माल तर इकावाच लागतो, बाई." खरंच आहे. हॉटेलातला चहा ते घेतात म्हणे, बसून. गिरणीत माझ्याऐवजी पुतण्याचा गहू पडू लागला. गावातल्या दोघीही तिकडं कामाला गेल्या आणि तिथं त्यांचे सगळे उपास सुटले. राहिल्या आमच्या वस्तीतल्या दोघी. एक कंपनीत फरशा पुसायला लागली, दुसरी कांद्याच्या खुरपणीला. पैसा गावातच फिरत राहिला. फक्त आमच्या वस्तीचं वळण त्यानं टाळलं. पडद्यावरच्या बाणांना असलं काही दाखवता येत नाही.

खोल्यांमधली काही पोरं सुरुवातीला दारात आली. एक ओरिसाचा होता, मला मौसी म्हणायचा. "मौसी, खाना बंद क्यों किया?" मी म्हटलं, मी नाही केलं. त्याला बाकीचं समजावून सांगायला माझी हिंदी पुरेना, आणि मराठीत सांगितलं असतं तर माझाच मला अपमान वाटला असता.

मालकांना दुपारी तोच डबा. कंत्राटातच जेवण होतं. महिनाभर ते काही बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी मीच विचारलं, कसा असतो डबा. आधी कच्चा असायचा, म्हणाले. "आन् आता?" ते बुटाची नाडी सोडत राहिले. "आता तुझ्यासारखाच असतोय." गावातल्या त्या दोघींनी माझ्याकडं सगळं शिकून घेतलं होतं, काळं तिखट किती, कूट कधी घालायचा. त्या रात्री मी जेवले नाही.

परवा तो पुतण्या घरी आला. गाडी वस्तीच्या बाहेर लावून चालत आला. दारात उभा राहिला. मी आत बोलावलं नाही, आणि त्यानंही तशी काही अपेक्षा केली नाही. म्हणाला, "काकू, आता दुसऱ्या कंपनीचंही काम मिळालंय. हात कमी पडत्यात. तुमच्या हाताखाली सगळ्या शिकल्यात, तुम्हीच या की. मागं किचन हाय, तिथंच बघायचं. पुढं यायची गरज न्हाई, पुढं गिऱ्हाईक गावातलं पण असतं." हे तो काही वाईट बोलतोय असं त्याला वाटत नव्हतं. मला सोय सांगत होता.

त्याला वाटलं मी विचार करतेय. मग म्हणाला, "तुमच्याबद्दल गावात लई मान हाय, काकू. आबांच्या दहाव्याला सगळी बोलत हुती. धंदा बुडवला, पर बाईनं त्या दिवशी चूल पेटवली न्हाई. गावाची रीत पाळली. आपलीच बाई, म्हणत हुते."

म्हणजे जे मला हवं होतं ते मिळालं होतं. माझ्या मागं, दहाव्याच्या पंगतीत, ज्या पंगतीला मला बोलावलं नव्हतं.

मी त्याला विचारलं, "उद्या आमच्या वस्तीत कुणी गेलं, समजा मीच गेले, तर एक दिवस तुझी भट्टी बंद ठेवशील?"

तो हसला. चेष्टा करतेय असं वाटलं असावं. माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू आवरलं.

"काकू, हायवेचा धंदा हाय," तो म्हणाला. "बंद ठिवून कसं चालंल?"

अगदी मनापासून म्हणाला. मी त्याला कामाचं नाही म्हणून सांगितलं. का नाही, हे विचारायलाही तो थांबला नाही. त्याला दुपारचे डबे वेळेवर पोचवायचे होते.